आयसीपी 21, आयसीपी 9

पेशंट गोवंडीचा रिक्षावाला, चाळिशी उलटलेला. बीपीच्या गोळ्या मनानेच बंद केलेल्या. उजव्या थॅलॅमसमधला, म्हणजे मेंदूच्या खोल भागातला, रक्तस्राव फुटून व्हेंट्रिकलमध्ये शिरला होता.

व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूच्या आतल्या पोकळ्या. तिथे सीएसएफ, म्हणजे मेंदूतलं पाणी, तासाला साधारण 20 मिली तयार होतं. दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांतून मोनरोच्या छिद्रांवाटे ते तिसऱ्या व्हेंट्रिकलमध्ये येतं, तिथून सिल्व्हियसच्या अरुंद नळीतून चौथ्यात, मग मेंदूभोवती. याच्या त्या नळीतच गुठळी बसली होती. पाणी बनायचं काही थांबत नाही आणि कवटीतला दाब, म्हणजे आयसीपी, चढतो, म्हणून कपाळाच्या वरच्या बाजूने ईव्हीडी, म्हणजे पाणी बाहेर काढणारा ड्रेन, घातलेला. ते पाणी ज्यात ठिबकतं ते चेंबर कानाच्या ट्रेगसपासून, म्हणजे छिद्रापुढच्या छोट्या उंचवट्यापासून, 15 सेंमी वर. ट्रेगसच का, तर मोनरोचं छिद्र साधारण त्याच पातळीला येतं; दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरचा झिरोही तिथेच.

सकाळच्या राऊंडनंतर पोर्टेबल एक्स-रेवाले आले. ड्रेन बंद केला, प्लेट सरकवायला बेड वर घेतला, फोटो झाला. ते गेल्यावर माझ्यासोबतची विद्यार्थिनी म्हणाली, "सिस्टर, आयसीपी 21! मघाशी 13 होता. दाब उतरवायला मॅनिटॉल काढू?"

मी म्हटलं, "अगं, आधी स्टँड बघ."

बेड वर गेला, चेंबर आणि ट्रान्सड्यूसर लावलेला स्टँड होता तिथेच. डोकं ट्रान्सड्यूसरपेक्षा सुमारे 10 सेंमी उंच. पाण्याचे 10 सेंमी म्हणजे पाऱ्याचे 7 मिमी आणि थोडं वर, तेवढं आकड्यात फुकट वाढलं. लेव्हल जुळवली, झिरो केलं, आकडा 14. खरा धोका पुढेच होता: तसाच ड्रेन उघडला असता तर चेंबर डोक्याच्या वर 15 ऐवजी 5 सेंमीच राहून पाणी धडाधड वाहिलं असतं. व्हेंट्रिकल कोसळतात, मेंदू कवटीपासून ओढला जातो, वरच्या शिरा फाटून सबड्यूरल, म्हणजे कवटी आणि मेंदूच्या मधला रक्तस्राव, होतो. बेड हलवण्याआधी ड्रेन बंद, लेव्हल जुळल्यावरच उघडा. आणि आयसीपी वाचताना स्टॉपकॉक, म्हणजे नळीवरची चावी, चेंबरकडे बंद हवा, नाहीतर आकड्याला काही अर्थ नाही.

दुपारी उलटं झालं. मॉनिटरवर 9. बघणाऱ्याला वाटावं, छानच चाललंय. पण तासाचा निचरा 9 मिली, 8, 3, मग शून्य. पडद्यावरची लाट सपाट. चालू ड्रेनमध्ये नाडीबरोबर तीन शिखरं दिसतात. दुसरं पहिल्यापेक्षा उंच झालं की मेंदूची लवचीकता संपत आल्याचं कळतं. इथे शिखरंच नव्हती. आणि पेशंट? सकाळी हाक मारली की डोळे उघडणारा, सांगितलं ते करणारा, आता चिमटा काढल्यावर उघडत होता. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी आणि उजेडाला आळशी. बीपी 178/94, नाडी 58.

कवटीत मेंदू साधारण 80 टक्के, रक्त 10, पाणी 10. काही वाढलं की आधी पाणी कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर जातं. ही सोय संपली की थोड्याशा मिलीनेही दाब भराभर चढतो. मोठं बीपी आणि मंद नाडी ही उशिराची खूण, त्यात श्वास बिघडण्याची वाट बघायची नसते. चार्टवर गरजेनुसार बीपी उतरवणारं लॅबेटॅलॉल लिहिलेलं होतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिलं नाही. मेंदूला रक्त पोचवणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा आयसीपी. खरा आयसीपीच माहीत नसताना बीपी पाडणं परवडत नाही, शिवाय त्याने नाडी आणखी उतरते.

न्यूरोसर्जरीच्या रेसिडेंटला फोन जात असतानाच नळी टोकापर्यंत पाहिली: पीळ नाही, स्टॉपकॉक उघडे, चेंबरचा फिल्टर कोरडा. चेंबर क्षणभर खाली धरलं, थेंब आला नाही. लगेच पुन्हा जागेवर. डोकं 30 अंशांवर, मान सरळ, ऑक्सिजन मास्कची पट्टी गळ्यावर घट्ट होती ती सैल केली. मानेच्या शिरा दाबल्या तर रक्ताला परतीची वाट नाही.

सलाईनने नळी फ्लश करणं नर्सचं काम नाही, मोह झाला तरी. आलेल्या डॉक्टरांनी निर्जंतुक पद्धतीने 1-2 मिलीनेच हळू मोकळी केली. काळपट गुठळी सुटली, लाट परत आली आणि आकडा दिसला 26. तो खरा. 22 च्या वर गेला की उपचार लागतात.

वजन 60 किलो, किलोला अर्धा ग्रॅम म्हणून 20 टक्के मॅनिटॉल 150 मिली, वीस मिनिटांत. एसीशेजारच्या ट्रॉलीतल्या बाटलीत खडे झाले होते. ती बाजूला, स्वच्छ बाटली घेतली, तीही फिल्टरच्या सेटमधूनच. लघवीची पिशवी आधी रिकामी केली, कारण तासाभरात भरते.

तासाभराने हाकेला डोळे उघडले, बाहुल्या जवळजवळ सारख्या. सीटीला नेताना ड्रेन बंद, चेंबर बेडवर आडवं न टाकता उभंच. आडवं पडलं की हवेचा फिल्टर भिजतो आणि पुन्हा निचरा अडतो. संध्याकाळच्या सिस्टरना ओव्हर देताना क्रम असा होता: शुद्ध, बाहुल्या, तासाचा निचरा, त्याचा रंग, लाट, लेव्हल, आणि मग आयसीपी.