पत्रिकेतलं नाव

आमच्याकडं लग्नाची पत्रिका कुणी वाचत नाही, तपासतात. मुहूर्त, वार, गाव हे सगळं आधीच कानावर आलेलं असतं. पाकीट फोडलं की नजर थेट तळाला जाते, नावांच्या गर्दीत. आपलं आहे का? कुणाच्या वर, कुणाच्या खाली? ‘आप्पासो.’ लावलंय की नुसत्या ‘श्री.’वर भागवलंय? निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, कुणी ह. मु. पुणे, कुणी ह. मु. सुरत, आणि शेवटी ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी, अजून बोलायलाही न लागलेली चिल्लीपिल्ली. अख्खी भाऊबंदकी एका कागदावर मांडलेली. पंगतीत वरण-बट्टी कमी पडली तर लोक वर्षभरात विसरतात. पत्रिकेतून गळलेलं नाव मात्र पुढच्या पिढीच्या लग्नातही उकरून काढतात.

छपाईचा इतिहास म्हटला की ग्रंथ आठवतात. पण छापखान्याचं पोट जॉबवर्कवर, म्हणजे पत्रिका-पावत्यांसारख्या किरकोळ कामांवर भरतं, आणि हे पहिल्यापासूनचं आहे. गुटेनबर्गचं बायबल तयार होत होतं त्याच सुमाराला, 1454-55 मध्ये, जर्मनीतल्या माइन्झ शहरात चर्चची पापमुक्तीची पत्रंही छापली जात होती. मजकूर सगळा छापील, नावाची जागा तेवढी कोरी. पैसे भरणाऱ्याचं नाव तिथं हातानं लिहायचं. आपल्या पत्रिकेच्या पाकिटावर ‘श्री.’च्या पुढं टिंबांची रेघ असते ना, तिची ही लांबची आजी.

पत्रिकेतला मुहूर्त ज्या पंचांगातून येतो, त्या पंचांगाचीही गोष्ट आहे. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचं यंत्र, उभा केला, शाईसुद्धा स्वतःच बनवली आणि 1831 साली मराठी पंचांग छापलं. सोवळी मंडळी तेव्हा छापील कागदाला शिवायला तयार नव्हती. शाईत चरबी असते हा संशय. त्यावर तोड म्हणून तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या. आज तोच छापील कागद चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून आधी गणपतीपुढं जातो, मग कुलदैवताकडं. कुणाची मनुदेवी, कुणाची धुळ्याची एकवीरा. विटाळ कधी गेला कुणाला कळलंही नाही. तो तुपानं गेला असं मला वाटत नाही. छापील पंचांग हाताशी असलं की जोशीबुवांच्या हस्तलिखिताची वाट बघावी लागत नाही, ही सोय तुपापेक्षा जास्त चिकटली असावी.

त्याआधी आवतण तोंडी असायचं. अक्षत द्यायची, घरच्या कर्त्याला सांगायचं, की चुलीपर्यंतचे सगळे त्यात आले. कुणाचं नाव वर नि कुणाचं खाली, हा प्रश्नच नव्हता. घराला बोलावणं होतं, माणसाला नव्हतं. छपाईनं त्या घरातली माणसं एकेक करून कागदावर उभी केली आणि मग त्यांच्यात भांडणं लागली.

माझ्या लहानपणी अमळनेरला एका बोळात ट्रेडल मशीन, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, होतं. पुढं घोड्यावर, म्हणजे लाकडी स्टँडवर, तिरक्या ठेवलेल्या केसा (अक्षरांचे ट्रे), त्यांचे बारीक खण, आणि त्यातून न बघता अक्षरांचे खिळे उचलून हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, उलटे लावत जाणारे कंपोझिटर काका. पाय पायट्यावर, डाव्या-उजव्या हातानं कार्ड घालणं-काढणं; मशीनचा जबडा मिटायच्या आत बोटं बाहेर. इंग्रजी जुळवणाऱ्याचं काम त्या मानानं सोपं. आपल्याकडं काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे. तरी लग्नसराईत हमखास एक खण रिकामा व्हायचा. “टी संपला,” काका म्हणायचे. तालुकाभर पाटील! तीस-चाळीस पाटलांना पुरतील एवढे ‘टी’ कुठल्या छापखान्यात असणार? ‘समस्त पाटील परिवार’ हा शब्दप्रयोग एकोप्यापेक्षा खिळ्यांच्या टंचाईतून आला असावा, असा माझा दाट संशय आहे.

माझ्या थोरल्या आत्याला वाचता येत नव्हतं. पत्रिका आली की ती पोरांपुढं धरायची, “मन्हं नाव कोठे शे?” पोरानं दाखवलं की त्या ओळीवर बोट ठेवायची, आणि पुढं आलेल्या प्रत्येकीला स्वतः दाखवायची. सातबारावर तिचं नाव नव्हतं, घराच्या पाटीवर नव्हतं. छापून आलं ते एवढंच, भावाच्या मुलीच्या लग्नात, आणि तेही मामंजींच्या नावाखाली बारीक टायपात.

आसोद्याच्या बहिणाबाईही निरक्षरच. जळगावचा छापखाना पाहून त्या म्हणून गेल्या, की छापून कोरा कागद शहाणा होतो, माणूस मात्र येडाच राहतो. त्यांची स्वतःची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, उतरवून ठेवली होती. ती 1952 साली पुस्तकरूपानं आली, तेव्हा त्या हयात नव्हत्या.

आता ट्रेडल भंगारात गेलं, ‘टी’ हवे तेवढे मिळतात. चौकाचौकात फ्लेक्सवर वाढदिवसाचे फोटो लटकतात, शुभेच्छुकांची शंभर-शंभर नावं, आणि आठवड्यात तो फ्लेक्स कुणाच्या तरी कांद्यावर पांघरलेला दिसतो. त्या यादीतून नाव गळलं म्हणून कुणी रुसल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका परवा मोबाईलवर सगळ्यांना पाठवली. सनई वाजते, गणपती फिरतो, सगळं झकास. तासाभरात सुरतहून काकांचा फोन.

“मोबाईलवर आलं ते पाहिलं. पत्रिका कधी देताय?”

“काका, तीच पत्रिका आहे.”

“ते ठीक आहे. भुसावळ-सुरत गाडीनं कुणी येत असेल तर त्याच्याजवळ दे. आणि हे बघ, माझं नाव नानांच्या खाली का आहे?”