अ‍ॅलिसन १०००ची टीसीएम बदली: मॉड्यूल बसले, शिकणे सुरू आहे

गाडी २००८ची सिल्व्हराडो २५०० एचडी. इंजिन ६.६ लिटर ड्युरामॅक्स एलएमएम, गिअरबॉक्स सहा गिअरचा अ‍ॅलिसन १०००, मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.७३. तक्रार अशी की बॉनेटखाली तापले की डॅशवरची गिअरची खूण गायब व्हायची, गाडी एकच गिअर धरून बसायची, आणि किल्ली बंद-चालू केली की परत ठीक. पुढे पुढे किल्लीनेही काम होईना.

या दुरुस्तीत टीसीएम (ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअर कधी आणि कसे बदलायचे ते ठरवणारा संगणक) काढून दुसरे बसवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. खरा वेळ आधी मॉड्यूलच दोषी आहे हे सिद्ध करण्यात आणि नंतर नव्या मॉड्यूलला गाडी शिकवण्यात जातो. टीसीएमच्या नावाने बदललेली अनेक मॉड्यूल्स चांगली असतात, दोष वायरिंगमध्येच राहतो.

स्कॅनरवर दोषाचे कोड वाचताना पी०७०० आणि यू०१०१ यांत गल्लत करू नका. पी०७०० म्हणजे टीसीएमने इंजिन मॉड्यूलला ‘दिवा लाव’ असे सांगितले. म्हणजे टीसीएम जिवंत आहे आणि बोलते आहे. तिच्या पोटातले कोड वेगळे वाचायचे. यू०१०१ म्हणजे इतर मॉड्यूल्सना टीसीएमचा आवाजच येत नाही. इथे इंजिन मॉड्यूलमध्ये फक्त यू०१०१ होता, आणि स्कॅनरला टीसीएम सोडून सगळे उत्तर देत होते. मुकी टीसीएम म्हणजे तीनच शक्यता: तिला वीज नाही, तिची संपर्काची तार तुटली आहे, किंवा ती स्वतः मेली आहे.

आधी वीज. फ्यूज ठीक, कनेक्टरवर मल्टिमीटर १२.५ व्होल्ट दाखवत होता. इथेच बहुतेक जण फसतात. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लटकलेली तारसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून भार लावायचा: ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब, साधारण साडेचार अँपिअर. मॉड्यूलचा कनेक्टर काढून, वायरिंगच्या बाजूला सप्लायची पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांच्यामध्ये बल्ब जोडला. बल्ब पिवळट लागला आणि व्होल्टेज ९.८वर आले. मग बॅटरीची धन बाजू आणि ग्राउंडची पिन यांच्यामध्ये तोच बल्ब: लखलखीत, ग्राउंडवरची घट ०.०५ व्होल्ट. ग्राउंडवर ०.१ आणि सप्लायवर ०.३ व्होल्टपर्यंतची घट आम्ही चालवून घेतो, त्यापुढे शोध घ्यायचा. थेट बल्ब लावण्याआधी वायरिंग आकृतीत ती पिन खरोखर सप्लायचीच आहे हे पाहून घ्या. सोलेनॉइड किंवा सेन्सरच्या पिनवर असा भार कधीही लावू नये.

घट सापडली ती मॉड्यूलच्या कनेक्टरमध्येच. एका रिकाम्या पिनेच्या जागी असायला हवे ते रबरी बूच गळून पडले होते. तिथून पाणी आत गेले आणि शेजारच्या सप्लायच्या पिनेवर हिरवा गंज चढला. टर्मिनल बाहेर काढले तेव्हा क्रिंपच्या (तार दाबून पकडणाऱ्या जोडाच्या) मागे तांब्याच्या तारा काळ्या पडून निम्म्या तुटल्या होत्या. मॉड्यूलच्या बाजूची पिन खड्डे पडून बारीक झाली होती. प्रेशर वॉशर थेट कनेक्टरवर मारला की हेच होते.

नवे टर्मिनल त्याच जाडीच्या तारेच्या तुकड्यासकट जोडले, आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवली, नवे बूच बसवले. काळी पडलेली तार स्वच्छ, चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापायची, नाहीतर जोड पुन्हा सडतो. टर्मिनलची पकड पाहायला त्याच मापाची सुटी पिन आत सरकवून बाहेर ओढायची. ओढताना हाताला विरोध जाणवला पाहिजे. मल्टिमीटरचा जाड प्रोब घुसवून टर्मिनल रुंद करू नका. त्याने आज नसलेला दोष उद्या तयार होतो.

दुरुस्तीनंतर बल्बच्या भाराखाली १२.३ व्होल्ट. तरीही टीसीएम मुकीच.

मग कॅन, म्हणजे मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात ती दोन तारांची बस. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला: ६० ओहम. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असतात, म्हणून निरोगी बसवर ६०च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एक टोक तुटले आहे, शून्याच्या जवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत टोकाचा रोधक एखाद्या मॉड्यूलच्या पोटात असतो. असे मॉड्यूल काढल्यावर १२० दिसणे हा दोष नव्हे. मात्र ६० मिळाले म्हणून टीसीएमपर्यंतची फांदी शाबूत आहे असे ठरत नाही. म्हणून सॉकेटपासून टीसीएमच्या पिनेपर्यंत दोन्ही तारांचे सातत्य वेगळे तपासले, हार्नेस (तारांचा जुडगा) हलवत हलवत. दोन्ही ठीक. वीज आहे, ग्राउंड आहे, तार आहे, उत्तर नाही. आता मॉड्यूल दोषी म्हणायला हरकत नाही.

बसवणे थोडक्यात. या गाडीला दोन बॅटऱ्या आहेत, दोन्हींची ऋण टोके काढायची. एकच काढली तर गाडीत वीज चालूच राहते. कनेक्टरची खिटी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. ब्रॅकेटच्या ६ मिलिमीटरच्या बोल्टना ९ न्यूटन-मीटर पुरे. सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला, पिनांवर ग्रीस भरले नाही.

मॉड्यूल घेताना दिसण्यावर जाऊ नका. कव्हर आणि कनेक्टर सारखे असूनही आतले हार्डवेअर मॉडेल वर्षानुसार वेगळे असू शकते. जुन्यावरचा भाग क्रमांक आणि गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) दोन्ही जुळवा. पाच गिअरच्या (२००५पर्यंतच्या) गाडीचे मॉड्यूल २००६पासूनच्या सहा गिअरला चालत नाही.

कोरे मॉड्यूल पी०६०२ दाखवते, म्हणजे त्यात प्रोग्राम नाही. घाबरायचे कारण नाही. जे२५३४ पासथ्रू उपकरण (लॅपटॉप गाडीला जोडणारे) आणि उत्पादकाचे सॉफ्टवेअर वापरून व्हीआयएननुसार कॅलिब्रेशन (या गाडीसाठीचा प्रोग्राम) टाकले. इथे व्होल्टेज ढळता कामा नये. साधा बॅटरी चार्जर लावू नका, त्याचा प्रवाह लहरी असतो. प्रोग्रामिंगसाठीचा स्थिर पुरवठा १३ व्होल्टच्या आसपास ठेवला. दिवे, ब्लोअर बंद, लॅपटॉपचा स्लीप मोड बंद, वायफायऐवजी तार. अर्धवट तुटलेले प्रोग्रामिंग नवे मॉड्यूलसुद्धा मुके करू शकते. इंजिनवर ताकद वाढवणारे ट्यूनिंग असेल तर तेही आत्ताच विचारात घ्या: टीसीएम गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचचा दाब इंजिनने कळवलेल्या टॉर्कवरून (फिरवण्याच्या जोरावरून) ठरवते. कळवलेला आकडा खोटा असेल तर क्लच घसरतात आणि नवे मॉड्यूल पुन्हा लिंप मोडमध्ये (एकच गिअर धरून बसण्याच्या बचावाच्या अवस्थेत) जाते.

चाकांना अडण्या लावून पी, आर, एन, डी एकेक करून पाहिले, स्कॅनरवर प्रत्येक स्थिती बरोबर. मग रस्त्यावर गुणोत्तरांची तपासणी. ही आम्हाला सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे मॉड्यूलचा दोष आणि गिअरबॉक्सचा दोष वेगळे होतात. सहा गिअरची गुणोत्तरे ३.१०, १.८१, १.४१, १.००, ०.७१, ०.६१. स्कॅनरवर टर्बाइनचा (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा) वेग भागिले आउटपुटचा (बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा) वेग. आउटपुट १००० फेरे असताना तिसऱ्यात टर्बाइन १४१०, चौथ्यात १०००, सहाव्यात ६१० हवा. स्थिर गिअरमध्ये टर्बाइन यापेक्षा वर सरकला तर क्लच घसरतो आहे, मॉड्यूलचा त्यात काही संबंध नाही. कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारे द्रवाचे कपलिंग) लॉक झाल्यावर इंजिन आणि टर्बाइन यांच्या वेगातला फरक जवळजवळ शून्यावर आला पाहिजे. इथे सगळे आकडे जुळले.

गिअर मात्र अजून थोडे झटक्याने पडतात, आणि ते अपेक्षित आहे. जुन्या मॉड्यूलने प्रत्येक क्लच भरायला किती वेळ आणि दाब लागतो ते शिकून ठेवले होते. नवे कारखान्याच्या सरासरीवरून सुरुवात करते. बदलाच्या क्षणी टर्बाइनचा वेग उसळला तर ते पुढच्या वेळी क्लच लवकर भरते, दोन क्लच एकमेकांना अडले तर उशिरा. हे बदलागणिक, थोडे थोडे होते. म्हणून ऑइल ७० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर हलक्या, स्थिर थ्रॉटलने सहाव्यापर्यंत जायचे, हलक्या ब्रेकने पूर्ण थांबायचे, पुन्हा तेच. थ्रॉटल मध्येच बदलला तर तो बदल शिकण्यात धरला जात नाही. या काळात ट्रेलर नको, आणि झटका लागतो म्हणून शिकलेले आकडे पुसणे तर मुळीच नको, सगळे पहिल्यापासून सुरू होते.

आजची स्थिती: कोड शून्य, एक-दोन आणि दोन-तीन हे गिअरबदल मऊ झाले आहेत, तीन-चारला अजून हलका धक्का आहे, थांबताना दोन-एकवर किंचित ठोका येतो. स्पीडोमीटर जीपीएसशी जुळतो. तीन-चार सुधारला की टो-हॉल मोड (ओझे ओढण्यासाठीचा) लावून ट्रेलरसह उतारावरची तपासणी, आणि त्यानंतर बल्बच्या भाराखाली सप्लायचे व्होल्टेज पुन्हा एकदा, गाडी पूर्ण तापलेली असताना.