बेकायदेशीर शेंगदाणा

ऑर्लंडोला लेकीकडे तीन आठवडे होते. डिस्नेचे दोन दिवस रांगेत गेले, त्याबद्दल एवढंच पुरे. लिहायचंय ते एका ऑक्टोबरातल्या सकाळबद्दल, जेव्हा मी परक्या देशातल्या रानात शेंगदाण्यावरून बोलणी खाल्ली.

दक्षिणेला दोनेक तासांवर, 'लेक वेल्स रिज' नावाच्या वाळूच्या लांबलचक उंचवट्यावर, आर्चबोल्ड बायॉलॉजिकल स्टेशन हे संशोधन केंद्र आहे. १९४१ पासूनचं. फार पूर्वी समुद्र वर चढलेला असताना ही रिज म्हणजे बेटांची माळ होती. त्यामुळे आज किनारा कुठल्या कुठे असला तरी पायाखाली वाळूच, पिठीसाखरेसारखी पांढरी. आणि उन्हात तितकीच डोळ्यांवर येणारी. जावई म्हणाले होते जंगल. माझ्या डोक्यात ताम्हिणी! इथे ओकची झाडं जेमतेम माझ्या खांद्याला, मधून मधून पाल्मेटो या बुटक्या ताडाची करवती देठांची पानं, खाली निवडुंग. सावली औषधालाही नाही. "हे बघायला आलो आपण?" मी दोनदा विचारलं, जावयांना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तेवढ्यात डोक्यावर काहीतरी बसलं.

निळा-करडा, साळुंकीपेक्षा जरा लांब, बिनतुऱ्याचा पक्षी. फ्लोरिडा स्क्रब-जे. हा फ्लोरिडा सोडून जगात कुठेच नाही. टोपीतून त्याची नखं चक्क जाणवत होती. वाटेवर वही घेऊन उभी असलेली एक मुलगी माझ्याकडे न बघता माझ्या डोक्याकडे बघत त्याच्या पायांतल्या रंगीत वाळ्यांचा क्रम लिहून घेत होती. इथे १९६९ पासून एकेका पक्ष्याला अशी वाळी घालून पिढ्यान् पिढ्या नोंदी ठेवतात. कोण कुणाचं पिल्लू, कुणाचं घर कुठवर, सगळं. मोठी झालेली पिल्लं वर्षभर तरी आईबापांजवळच राहतात, धाकट्यांना भरवतात, आळीपाळीने शेंड्यावर बसून ससाण्यांवर नजर ठेवतात. (आमच्या वाड्यात ते काम आत्याकडे होतं, ससाणे वेगळे.) ओक उंच वाढले की हे पक्षी जागा सोडतात, म्हणून रान मुद्दाम ठरावीक वर्षांनी जाळतात.

तिच्या मुठीत पक्ष्यांना बोलवायला शेंगदाण्याचे तुकडे होते. मला वाटलं, मग काय! पर्समधून चिवड्याची पुडी काढली, तळलेला दाणा बोटात धरला.

"नो, नो, मॅम!"

तिच्याकडे परवाना, म्हणून तिचा दाणा कायदेशीर. माझा गुन्हा. कारणही तिने नीट सांगितलं: माणसांचं खाणं मिळालं की हे पक्षी लवकर अंडी घालतात, आणि पिल्लं निघतात तेव्हा त्यांना लागणाऱ्या अळ्याच नसतात. पटलं मला. पण लेकीसमोर, जावयांसमोर! कानाच्या पाळ्या तापल्या.

गडबडीत दाणा खाली पडला. डोक्यावरचा पाहुणा उतरला, दाणा चोचीत घेऊन चार पावलं गेला, वाळूत खुपसला, चोचीने ठोकून ठोकून आत बसवला आणि वर एक वाळकं पान ठेवलं. पान जरा सरकलेलं वाटलं असावं, ते परत नीट केलं. शरदात एकेक पक्षी ओकची सहा ते आठ हजार फळं अशीच पुरून ठेवतो म्हणे.

मुलीने घड्याळ पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. हळद-हिंग लागलेल्या दाण्याची नोंद तिने कशी केली, ते विचारायचं धाडस झालं नाही.