११९ दिवस आणि ४० मीटर साखळी

आमच्या बोटीच्या वहीत १५ डिसेंबर २०२४ ते १२ एप्रिल २०२५ अशा ११९ दिवसांच्या नोंदी आहेत. त्यांपैकी शीड चढवून आम्ही प्रत्यक्ष चाललो ते दिवस केवळ २७. उरलेले ९२ दिवस आमची ३६ फुटी बोट कुठल्या ना कुठल्या आडोशाच्या जागी नांगरून उभी होती. निवृत्तीनंतर हिवाळा कॅरिबियन बेटांमध्ये शिडाच्या बोटीवर काढतो असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाऱ्याने फुगलेले पांढरे शीड उभे राहते. मला मात्र त्या हिवाळ्याचे चित्र काढायला सांगितले तर मी नांगराची साखळीच काढीन.

पावसाळा आणि वादळांचा मोसम, म्हणजे १ जून ते ३० नोव्हेंबर, बोट ग्रेनाडाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका यार्डात जमिनीवर टेकूंवर उभी असते. साधारण १२ अंश उत्तर अक्षांशावरचे हे बेट चक्रीवादळांच्या पट्ट्याच्या दक्षिण कडेला येते, म्हणून विम्याच्या दृष्टीनेही ते सोयीचे. कडेला असणे म्हणजे बाहेर असणे नव्हे, हे ग्रेनाडाने २००४ मध्ये आयव्हन वादळात अनुभवले होते, आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चौथ्या श्रेणीचे वादळ तिथून थोड्याच अंतरावरच्या कॅरियाकू बेटावर आदळले. आमची बोट दक्षिणेला असल्यामुळे वाचली. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही कॅरियाकूच्या टायरेल बेमध्ये शिरलो, तेव्हा वादळात आसरा म्हणून ज्या खारफुटीत लोक बोटी नेऊन बांधतात तिथे बोटी अजून आडव्या पडलेल्या होत्या आणि झाडांच्या काड्यांतून त्यांच्या डोलकाठ्या तिरक्या वर आलेल्या दिसत होत्या. त्या दिवशी आम्ही नांगर टाकून बराच वेळ काहीच बोललो नाही.

ग्रेनाडाहून उत्तरेकडे जाणारी ही बेटांची माळ धनुष्यासारखी किंचित वळलेली आहे. कॅरियाकू, युनियन, बेक्विया, सेंट व्हिन्सेंट, सेंट लुसिया, मार्टिनिक अशी एकापुढे एक बेटे लागतात आणि पुष्कळदा एका बेटावरून दुसरे दिसते. हिवाळ्यात व्यापारी वारे ईशान्येकडून आणि पूर्वेकडून १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ ते ३७ किलोमीटर वेगाने जवळजवळ अखंड वाहतात, त्यामुळे नकाशावर प्रवास अगदी सोपा दिसतो. प्रत्यक्षात बेटाच्या पश्चिम बाजूने, डोंगराच्या आडून जाताना वारा पार मरतो आणि इंजिन लावावे लागते. बेटाचे टोक ओलांडले की तोच वारा दुप्पट होऊन अंगावर येतो, कारण दोन बेटांमधल्या फटीतून हवाही जोरात घुसते आणि अटलांटिकचे पाणीही. उत्तरेकडे जाताना वारा नाकासमोर येऊ पाहतो, बोट कलते आणि दर काही मिनिटांनी एखादी लाट थेट कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत येते. मला अजूनही पहिल्या दोन तासांत बोट लागते. आल्याचा तुकडा चघळत, नजर क्षितिजावर ठेवून आणि कोणाशीही न बोलता बसणे हा माझा उपाय आहे आणि तो ह्यांना चांगलाच मानवतो.

ग्रेनाडाच्या उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर समुद्राच्या पोटात ‘किक एम जेनी’ नावाचा जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच्या माथ्याभोवती एरवीही दीड किलोमीटरच्या वर्तुळात जाण्यास मनाई असते. पाणी वरून इतर पाण्यासारखेच दिसते, पण जीपीएसच्या पडद्यावरचे ते वर्तुळ बाजूने सरकताना पाहिले की उगीचच सुकाणू घट्ट धरले जाते.

आता साखळीकडे येते. नांगर बोटीला आपल्या वजनाने धरून ठेवतो असा बहुतेकांचा समज असतो आणि सुरुवातीला माझाही होता. खरे म्हणजे नांगराचा फाळ वाळूत रुततो आणि त्याच्यावरचा ओढा आडवा राहिला तरच तो रुतलेला राहतो. ओढा आडवा राहावा म्हणून साखळी पुरेशी लांब सोडावी लागते. पाण्याची खोली आणि पाण्यापासून नाळेपर्यंतची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतची उंची यांची बेरीज करून तिच्या किमान पाचपट साखळी, आणि वारा वाढणार असेल तर सातपट. या बेटांमध्ये भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्ध्या मीटरचा असल्यामुळे हिशेब आणखी सोपा होतो. खोली ७ मीटर, नाळेची उंची १ मीटर, म्हणजे ८. पाचाने गुणले की ४० मीटर. शाळेतल्या मुलाला जमेल असे हे गणित मी, म्हणजे जिने उभी कारकीर्द दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली त्या बाईने, बेक्वियाला चुकवले.

आमच्या बोटीवर सुकाणू ह्यांच्याकडे आणि नांगर माझ्याकडे असतो. इंजिनाच्या आवाजात आणि वाऱ्यात नाळेवरून मागच्या माणसाला काही ऐकू जात नाही, म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवून घेतल्या आहेत: पंजा उघडा म्हणजे थांबा, अंगठा मागे म्हणजे मागे घ्या, मूठ म्हणजे इंजिन गिअरमध्ये न टाकता मोकळे ठेवा. या खुणा ठरवण्याआधीच्या दोन हिवाळ्यांत आम्ही एकमेकांवर जेवढे ओरडलो तेवढे त्याआधीच्या ३५ वर्षांत ओरडलो नसू. नांगर टाकणारे जोडपे हा आजूबाजूच्या बोटींचा संध्याकाळचा करमणुकीचा कार्यक्रम असतो. नवी बोट आली की प्रत्येक कॉकपिटमध्ये कप हातात घेतलेली माणसे सावरून बसतात. आम्हीही बसतो.

जानेवारीच्या मध्यात आम्ही बेक्वियाच्या ॲडमिरल्टी बेमध्ये पोहोचलो. हे बंदर मोठे, पश्चिमेला उघडे आणि डोंगरांच्या आड असले तरी खिंडीतून येणारे झोत डोलकाठीला हलवून सोडतात. त्या आठवड्यात, इथे ज्याला ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात तो जोराचा वारा सुटला होता. जागा कमी, बोटी पुष्कळ, आणि आमच्या साखळीवरचे दर १० मीटरचे रंगाचे पट्टे घासून जवळजवळ नाहीसे झालेले. मी चार पट्टे मोजले आणि मूठ दाखवली. नांगर धरल्यासारखा वाटला. एरवी मी डोळ्यांना चष्मा लावून पाण्यात उतरते आणि नांगर किती रुतला आहे ते पाहून येते. त्या दिवशी दमले होते, म्हणून उतरले नाही.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोनवरचा नांगराचा अलार्म वाजला. हा अलार्म बोट ठरलेल्या वर्तुळाबाहेर गेली की वाजतो आणि शंभरातून नव्वद वेळा तो खोटा असतो, कारण वारा फिरला की बोटही फिरते. मी वर आले तेव्हा पाऊस आडवा लागत होता, वाऱ्याचा आकडा ३० नॉटच्या वर होता आणि मागच्या फ्रेंच बोटीचा दिवा, जो झोपताना चांगला लांब होता, तो आता इतका जवळ होता की तिचे नाव वाचता येत होते. “अहो, नांगर सुटला!” एवढेच मी ओरडले. हे उघड्या अंगाने वर आले आणि दुसरे काही न विचारता त्यांनी इंजिन चालू केले. फ्रेंच गृहस्थ त्याआधीच हातात फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी हवेची उशी घेऊन आपल्या नाळेवर उभे होते. त्यांनी आम्हाला काही म्हटले नाही, फक्त कपाळाला लावलेला दिवा आमच्या साखळीवर धरून ठेवला. त्या उजेडात साखळी वर घेताना मला कळले की बाहेर ४० नव्हे, ३० मीटरच होती. एक पुसट पट्टा आणि गंजाचा एक डाग असे दोन मिळून मी दोन पट्टे धरले होते. पहिल्या दोन वेळा नांगर तळावरच्या समुद्री गवतावरून घसरत आला, तिसऱ्या वेळी रिकाम्या वाळूवर बसला. पाऊण तास गेला. खुणांपलीकडे आम्ही एक शब्दही बोललो नाही, आणि अंधारात माझ्या खुणा ह्यांना कशा दिसल्या हे मला अजून कळलेले नाही.

सकाळी मी फ्रेंच बोटीकडे केळ्याचा केक घेऊन गेले. त्यांनी केक घेतला आणि गेल्या वर्षी आपला नांगर कुठे सुटला होता ते सविस्तर सांगितले. या विषयावर कोणाला काही सांगायचे नाही असा बोटवाला मला अद्याप भेटलेला नाही.

सगळीकडे नांगर टाकता येतोच असे नाही. सेंट लुसियाचे दोन पिटन, ७९८ मीटरचा ग्रो पिटन आणि ७४३ मीटरचा पेटी पिटन, समुद्रातून सरळ वर येतात आणि तितकेच सरळ खालीही जातात. तिथे तळही जपलेला आहे, त्यामुळे तळाशी बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयालाच बोट बांधावी लागते. मार्टिनिकच्या सेंट पिएरला तर किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा इतका अरुंद आहे की चार बोटी पुढे असल्या तर पाचवीच्या नांगराला तळ सापडत नाही. ८ मे १९०२ रोजी माउंट पेलेच्या उद्रेकात हे शहर काही मिनिटांत संपले, सुमारे २८ हजार माणसे गेली आणि बंदरातली जहाजे जळून तळाला गेली. आजही ती तिथेच आहेत. आमच्या पडद्यावर त्यांच्या खुणा होत्या आणि आम्ही नांगर त्यांच्यात अडकू नये म्हणून जपून टाकत होतो, तरी मनाला ते काहीसे चमत्कारिक वाटत होते.

राहण्याचे सुख कुठे मिळाले असे विचाराल तर मी टोबॅगो केजचे नाव घेईन. पाच निर्जन बेटे आणि त्यांच्या पूर्वेला घोड्याच्या नालासारखी प्रवाळभिंत, आणि त्यापलीकडे आफ्रिकेपर्यंत नुसते पाणी. लाट भिंतीवर फुटते, पण वारा पूर्ण येतो, त्यामुळे बोट स्थिर आणि तरीही ताणलेली असते. गोडे पाणी वाचवण्यासाठी आम्ही भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासतो. आमची टाकी ३०० लिटरची आणि दोघांना मिळून दिवसाला २० लिटर, म्हणजे पंधरा दिवस. एका संध्याकाळी बोटीच्या मागच्या पायरीवर बसून मी ताट बुडवत होते, तोच हातभर अंतरावर कोणीतरी दीर्घ सुस्कारा टाकला. हिरव्या कासवाचे डोके वर आले होते. त्याने तोंड उघडून श्वास घेतला, सुरकुतलेल्या पापण्यांतून माझ्याकडे पाहिले आणि तळाच्या गवताकडे परत गेले. दर काही मिनिटांनी तो सुस्कारा येत राहिला. वाऱ्याच्या एवढ्या आवाजातही तो वेगळा ऐकू येतो.

कागदपत्रांचे काम मात्र कंटाळवाणे आहे. कॅरियाकू आणि युनियन ही बेटे काही मैलांच्या अंतरावर, पण देश दोन. एका ठिकाणी बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, दुसऱ्या ठिकाणी पिवळा झेंडा लावून शिरायचे. मार्टिनिक फ्रान्सचे असल्यामुळे तिथे युरो चालतात, इतरत्र पूर्व कॅरिबियन डॉलर, ज्याचा भाव १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. ग्रेनाडात दुकानावर ‘रोटी’ असा फलक पाहून आम्ही पहिल्या वर्षी हरखलो होतो. १८५७ मध्ये ‘मेडस्टोन’ जहाजातून ऊसमळ्यांवर कामाला आणलेल्या हिंदी मजुरांनी ती तिथे नेली; आता तिच्यात बटाटा आणि मसाल्याचे कोंबडीचे तुकडे गुंडाळलेले असतात आणि विकणाऱ्या मुलीला ती आपलीच वाटते, ते बरोबरच आहे.

मार्चमध्ये वाऱ्याला पाठ देऊन आम्ही दक्षिणेकडे परतलो आणि १२ एप्रिलला क्रेनने बोट पाण्याबाहेर काढली. शिडे उतरवून, मिठाच्या पाण्याने आखडलेले दोर धुऊन झाल्यावर मी साखळी पूर्ण बाहेर ओढली आणि यार्डाच्या जमिनीवर मागे-पुढे अशा सहा ओळींत पसरली. ६० मीटर साखळी. यार्डात कोणाचा तरी उरलेला निळा रंग फुकट मिळत होता आणि हे तो घेऊनही आले. निळ्या पाण्यात निळा पट्टा कसा दिसेल, असे मी विचारले, तेव्हा हे काही न बोलता डबा परत ठेवून आले आणि लाल घेऊन आले. दहाला एक पट्टा, विसाला दोन, तिसाला तीन आणि चाळीसला चार, असे रंगवत मी उकिडवी पुढे सरकत होते, आणि माझ्या मागून हे मोजपट्टी घेऊन प्रत्येक आकडा तपासत येत होते.