बोलायला तोंड

‘पार्रेसिया’ या एका ग्रीक शब्दाने माझे दोन आठवडे खाल्ले. काही राखून न ठेवता सगळं बोलणं, आणि तसं बोलण्याचा हक्क, असे दोन्ही अर्थ त्यात आहेत. ग्रीक मला येत नाही. तीन इंग्रजी भाषांतरं टेबलावर पसरून मी युरिपिडीस या प्राचीन ग्रीक नाटककाराच्या ‘आयन’ नाटकाचे काही प्रवेश मराठीत आणत होतो, वाङ्मय मंडळाच्या अभिवाचनासाठी. आधी ‘वाक्‌स्वातंत्र्य’ लिहिलं आणि खोडलं. ‘अभिव्यक्ती’ तर लिहिता लिहिताच खोडलं. तो शब्द आमच्याकडे फक्त वक्तृत्व स्पर्धेच्या फलकावर दिसतो.

मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो, तासिका तत्त्वावर. दर वर्षी नवी मुलाखत, नवा आदेश, आणि दर महिन्याला स्वतःच्या हाताने भरलेलं तासांचं बिल. वर्गात ग्रीक शोकांतिका म्हणजे ओडिपस आणि ओडिपस म्हणजे त्याच्या चुकीवरचा ठरलेला मोठा प्रश्न. गाइडमध्ये उत्तर तयार असतं, मुलं ते उतरवतात, आम्ही मार्क देतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे डोळे फुटले ते दोन परिच्छेदांत उरकतं. मंडळाच्या निमित्ताने म्हटलं, दुसरं काहीतरी करू.

आयन हा डेल्फीला अपोलोच्या देवळात झाडलोट करणारा पोरगा. लॉरेलच्या फांद्यांचा झाडू, आणि देवळावर घाण करणाऱ्या पक्ष्यांना हाकलायला धनुष्य. आईबाप ठाऊक नाहीत, पुजारणीने वाढवलेला. अथेन्सची राजकन्या क्रेउसा आणि तिचा परदेशी नवरा झूथस मूल व्हावं म्हणून कौल लावायला येतात. क्रेउसावर पूर्वी अपोलोनेच जबरदस्ती केलेली, झालेलं मूल तिने गुहेत टाकलेलं. ते मूल म्हणजे आयन. प्रेक्षकांना हे सुरुवातीलाच कळतं, तिला नाही. झूथसला कौल मिळतो की देवळातून बाहेर पडताना जो पहिला भेटेल तो तुझा मुलगा. भेटतो आयन. चल अथेन्सला, म्हणतो बाप. आणि पोरगा अडून बसतो.

त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. अथेन्सचे लोक स्वतःला त्याच मातीतून उगवलेले मानतात. तिथे मी दोन दुखणी घेऊन जाणार, बाप परका आणि मी अनौरस. इथे डेल्फीत निदान कुणा हलक्या माणसाने मला वाटेतून बाजूला सारलेलं नाही. आई तरी अथेन्सची निघो, म्हणजे पार्रेसिया मला तिच्याकडून मिळेल. नाहीतर नावाला नागरिक होईन, तोंड मात्र दासाचंच राहील.

हे कवीच्या मनचे खेळ नव्हते. इ. स. पू. ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने कायदा करून घेतला होता की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच पोर नागरिक. पुढे त्याची औरस मुलं साथीत गेली आणि परदेशी बाईपासून झालेल्या मुलाला नागरिक करून घेण्यासाठी त्यालाच लोकांपुढे पदर पसरावा लागला. मला हा भाग शिकवायला फार आवडतो. परीक्षेत विचारत नाहीत.

तर त्या दिवशीची सकाळ. मी ऑफिसात मस्टरवर सही करत होतो. खिडकीशी शिष्यवृत्तीच्या फॉर्मची रांग. आयन वाचणारा मुलगा तिथे उभा होता. त्याला मी निवडलं ते श्वासासाठी. लांब वाक्यात दम कुठे घ्यायचा हे त्याला न सांगता कळतं. आमच्याकडे नाट्यशिबिरं करून आलेल्यांनाही कळत नाही.

“आईचं नाव काय घालू रे?” भाऊसाहेबांनी विचारलं. “निरंक चालत नाही इथं. रकाना लाल होतोय.”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? घरी विचार.”

रांगेत कुणीतरी हसलं. मुलाने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक कागद काढून दिला. भाऊसाहेबांनी तो मोठ्याने वाचला: अनाथ प्रमाणपत्र, क्रमांक, बालगृहाचं नाव, सगळं. ते दुष्ट नाहीत. कुठलाही कागद ते मोठ्याने वाचतच टाइप करतात, त्याशिवाय त्यांच्या हातून टाइप होत नाही. २०१८ पासून राज्यात अनाथ मुलांना एक टक्का आरक्षण आहे आणि १ मे २०२४ रोजी आणि नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं, हे दोन्ही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. पण या रकान्यात निरंक चालत नव्हतं.

मी दोन पावलांवर होतो. “भाऊसाहेब, त्याला आत घेऊन बघा ना,” एवढं म्हणता आलं असतं. माझं महिन्याचं बिल त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली होतं. मी सही केली, पेनला टोपण लावलं आणि तासाला गेलो.

दुपारी तालमीत मी त्याला म्हटलं, “तू झूथस वाचतोस का? भारदस्त आवाज आहे तुझा.”

“सकाळचं ऐकलंत म्हणून का सर?”

मी काहीतरी पुटपुटलो.

“तिथं काही बोलला नाहीत,” तो म्हणाला. रागावलेला नव्हता, निदान वाटला नाही. “आणि इथं माझा पार्ट काढताय.”

बाकीची मुलं संहितेत डोकं घालून बसली. मी म्हटलं, बरं, वाच. त्या ओळीला मी तात्पुरतं ‘वाक्‌स्वातंत्र्य’ ठेवलं होतं, खाली पेन्सिलीची रेघ. तो तिथवर आला, थांबला, आणि माझा शब्द टाळून वाचला: “नाहीतर नावाला नागरिक, पण बोलायला तोंड नाही.”

मी संहितेत तेच लिहून घेतलं. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मराठीत ज्याच्या हातून काही वावगं घडलं त्याला बोलायला तोंड राहत नाही. आयनने काय केलंय? ग्रीक ओळीत त्याची चूक कुठेच नाही. तोंड हिरावून घेणारं शहर आहे. आपला वाक्प्रचार वापरला की ती लाज पोराच्याच पदरात पडते. भाषांतर म्हणून तो शब्द चुकीचा, असं मी विभागात कुणी विचारलं असतं तर सिद्ध करून दाखवलं असतं. कुणी विचारलं नाही. आणि खोडायला माझा हातही उचलला नाही, कारण वाचताना त्याने मान वर करून पाहिलं होतं, आणि ‘तोंड नाही’ नेमकं कुणाला उद्देशून होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग टोपलीचा प्रवेश. आयनला नवऱ्याचं बाहेरचं पोर समजून क्रेउसा त्याला विष घालायला जाते, ते फसतं, तो तिच्या जिवावर उठतो, तेवढ्यात पुजारणी तो तान्हा ज्यात सापडला ती जुनी टोपली आणते. आत काय आहे ते क्रेउसा न बघता सांगते: तिने विणलेलं अर्धवट वस्त्र, मधोमध गॉर्गन राक्षसी, सोन्याचे साप, ऑलिव्हचा मुकुट. ओळख पटते. मी सांगितलं की खुणांवरून पटणारी ओळख ॲरिस्टॉटलने सगळ्यांत कमी कलात्मक ठरवली आहे.

“कागदपत्रं बघून पटते, तशी?” झूथस वाचणाऱ्या मुलीने विचारलं. सगळे हसले, तोही.

शेवटाला मात्र तो अडला. आयनला अपोलोलाच विचारायचं असतं की बाप तू की झूथस. तो देवळात शिरणार इतक्यात अथेना देवी प्रकट होते. अपोलो स्वतः येत नाही. जुन्या गोष्टीवरून लोक दोष देतील म्हणून. ती सांगते, बाप अपोलोच, पण झूथसला कळू देऊ नका, त्याला मुलगा आपलाच वाटू दे.

“म्हणजे गादी मिळाली ती खोट्या नोंदीवर?”

“तसंच.”

“आणि आयन हो म्हणतो?”

“म्हणतो.”

त्याने पान उलटून परत मागे नेलं, झाडू मारण्याच्या प्रवेशाकडे. “इथं बरा होता,” म्हणाला. मी आयनच्या बाजूने काही बोलणार होतो, तेवढ्यात पाचची घंटा झाली आणि एस. टी. पकडायची म्हणून मुलं उठली.

फॉर्म नंतर गेला. लाल रकान्यात एक टिंब टाकलं की पुढे सरकतो, हे भाऊसाहेबांनीच शोधून काढलं. अभिवाचनही झालं, प्राचार्यांनी ‘परदेशी नाटक असूनही समजलं’ असं कौतुक केलं.

महिनाअखेरीला बिलासाठी ऑफिसात गेलो. वाटेत वाक्य जुळवत गेलो होतो, नीट, कुणाला लागणार नाही असं. भाऊसाहेबांनी पेपरवेट उचलला, माझं बिल मोठ्याने वाचायला सुरुवात केली: नाव, विषय, तास, एकूण रक्कम. खिडकीशी रांग होती.

“इथं सही करा सर.”

मी केली आणि थँक्यू म्हटलं.