जहांगीरमध्ये शिवडीचा चिखल

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडलं, की हायकोर्ट आणि विद्यापीठावरून चालत काळा घोडा फार लांब नाही. डहाणू लोकलने एवढ्या लांब यायचं कारण एका निसर्गचित्रकाराचं प्रदर्शन. हा माणूस जे.जे.चा नाही, कुठल्याच कलाशाळेचा नाही. रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी केली आणि सुटीच्या दिवशी बोर्ड घेऊन खाडीवर बसला. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, पण तिथे पाऊल टाकण्याआधी बाहेर फुटपाथवर मांडलेली चित्रंही बघावीत. मी बघितली.

मुंबईत जलरंगातल्या निसर्गचित्रांची परंपरा मोठी. हळदणकर, परांडेकर यांची नावं आजही आदराने घेतली जातात. त्यामुळे आत शिरताना सह्याद्री आणि कोकण दिसेल असं वाटलं होतं. तशी मोठी चित्रं आहेतही, पण ती मला थोडी जड वाटली. जीव अडकला तो लहान कागदांवर: शिवडीची खाडी, ओहोटीचा चिखल, तिवरं, भांडुपची मिठागरं. रोज हजारो लोक ज्याच्याजवळून जातात आणि ज्याला ‘निसर्ग’ म्हणत नाहीत, तेच सगळं.

“काका, हा चिखल इतका खरा कसा वाटतो?” मी विचारलं.

“मी नाही गं, रंगच करतो,” ते म्हणाले. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग मिसळून भरपूर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात दिला, की निळ्याचे कण कागदाच्या खडबडीत खळग्यांत बसतात आणि चिखलाचा रवाळ पोत आपोआप येतो. पेटीत पांढरा रंग नाहीच. पाण्याची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद, आणि एकदा त्यावर रंग गेला की ती चमक गेली. जुलैच्या दमट हवेत वॉश लवकर वाळत नाही, म्हणून पावसाळी चित्रांत कडा विरघळलेल्या. मेमधली चित्रं मात्र कोरीव. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर मी पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली आणि खाली लिहिलेला महिना न वाचता ऋतू ओळखत गेले.

सगळ्यात जास्त वेळ थांबले ती जोडी एकाच जागेची आहे. एकात शिवडीचं नुसतं क्षितिज, दुसऱ्यात त्याच क्षितिजावर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू. पूल त्यांनी एकाच फिक्या वॉशमध्ये काढलाय, तक्रार न करता. चिखल दोन्हीकडे तितक्याच मायेने रंगवलाय. मला हे फार आवडलं.

गॅलरी सकाळी ११ ते संध्याकाळी ७ उघडी असते, तिकीट नाही. जमलं तर तिथून चालत सीएसएमटीला जा आणि हार्बरची लोकल पकडून शिवडीला उतरा. मात्र ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा; भरतीला तो चिखल दिसत नाही.