टॅग उडवले, डिस्क जैसे थे

शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याचं काम) अडकलं. डॉकर रजिस्ट्रीच्या, म्हणजे इमेजेसच्या कोठाराच्या, मशीनवर डिस्क पाहिली तर ९७ टक्के भरलेली! कोडमधल्या प्रत्येक कमिटला (नोंदवलेल्या बदलाला) नवी इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणाऱ्या सगळ्याचं गाठोडं, ढकलायची आणि जुनी कोणीच काढायची नाही, म्हणजे घरातला माळाच झाला.

डॉकर रजिस्ट्रीत डिलीट मुळात बंद असतं. ते कॉन्फिगमध्ये चालू करून मी उत्साहाने ६०० जुने मॅनिफेस्ट (इमेजमध्ये कोणकोणते लेअर आहेत याच्या याद्या) उडवले. डिस्क ढिम्म. कारण जातो तो फक्त संदर्भ. लेअर, म्हणजे इमेजचे थर, ‘ब्लॉब्स’ फोल्डरमध्ये तसेच पडून राहतात. एकच लेअर दहा इमेजेसमध्ये असू शकतो ना, मग तो लगेच पुसणार कसा?

खरी झाडलोट ‘गार्बेज-कलेक्ट’ कमांड करते: वापरातल्या लेअरवर खूण, बिनखुणेचे बाहेर. आधी ‘ड्राय-रन’ केला, म्हणजे काही न पुसता नुसती रंगीत तालीम. मग रजिस्ट्री रीड-ओन्ली केली, कारण मधेच कोणी पुश केलं (नवी इमेज ढकलली) तर अर्धवट चढलेल्या इमेजचे लेअरही केरात जातात. ‘लेटेस्ट’ हा टॅग (इमेजला लावलेली नावाची चिठ्ठी) नव्या इमेजला पुन्हा पुन्हा लावून (आमची लाडकी खोड!) अनाथ झालेल्या मॅनिफेस्टना ‘डिलीट-अनटॅग्ड’ हा पर्याय लागला.

डिस्क ४१ टक्क्यांवर आली. रजिस्ट्री रीस्टार्ट करायला मात्र विसरलो. सोमवारी पुश करताना रजिस्ट्री पुसलेल्या लेअरबद्दलही ‘आहे की आधीच’ म्हणत होती. जुनी कॅश (तात्पुरती आठवण), दुसरं काय.